सोपानभाऊंची डिस्क

“ओळखा पाहू मी कोण?” असं कुणी विचारलं की सोपानभाऊ मुद्दाम चुकायचे. समोर रोजचा चहावाला उभा असला तरी मान तिरकी करून म्हणायचे, “तलाठी का?” विचारणारा हिरमुसून निघून गेला की माझ्याकडे वळून हळूच सांगायचे, “मंगलताई, चहा आला बगा.” आंधळ्या माणसाची परीक्षा घ्यायची लोकांना भारी हौस असते. त्या हौसेवर त्यांनी काढलेला हा उपाय होता. त्यामुळे अर्ध्या ओतुराला वाटायचं की हा माणूस काही ओळखत नाही, आणि उरलेल्या अर्ध्याला वाटायचं की ह्याला सगळं दिसतं.

खतं-बियाणं विकणाऱ्या एका सहकारी संस्थेच्या ऑफिसात आम्ही दोघं नोकरीला होतो. खाली खताचं गोडाऊन, वर ऑफिस. माझं टेबल आवक-जावकचं, आणि त्याला लागूनच सोपानभाऊंचा टेलिफोन बोर्ड. ते मूळचे महाळुंगे पडवळचे. चार वर्षांचे असताना गोवरात डोळे गेले, पुण्याच्या अंधशाळेत बारावीपर्यंत शिकले, अपंगांच्या कोट्यातून इथे लागले. आठवडाभर ओतुरात खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी नारायणगावला गाडी बदलून घरी जायचे.

त्यांचा बोर्ड जुन्या पद्धतीचा होता. फोन आला की एक बारीक झाकणी टक्‌कन खाली पडायची. ते बोटं फिरवून कुठली पडली ते पाहायचे, चावी दाबायचे आणि म्हणायचे, “बोला पावणं, ऐकतोय.” साहेबाला फोन जोडण्याआधी निम्मी कामं तेच उरकून टाकत. युरियाची गाडी आली का, बटाट्याचं बेणं कधी, आज कांदा काय भावानं गेला, सगळं त्यांना पाठ. वरच्या अंगाच्या डोंगरातल्या वाड्यांवरून कुणी एखादा भातवाला बाजाराच्या दिवशी दुकानातून फोन करायचा आणि नुसतं “हॅलो हॅलो” ओरडत राहायचा. सोपानभाऊ त्याला म्हणायचे, “भाऊ, आधी श्वास घ्या. मी कुठं पळून चाललो न्हाई.”

रोज इस्त्रीचा पांढरा शर्ट. खिशाला पेन. पेन कशाला, असं मी एकदा न राहवून विचारलं. “फॉर्म भरायला येणारी मान्सं पेन घरी इसरतात,” ते म्हणाले, “डोळे असून.” चहा घेताना कपाच्या काठाशी तर्जनी टेकवून ठेवायचे, म्हणजे कप किती भरला ते कळायचं. आणि कुणी बोलायला लागलं की तोंड दुसरीकडे फिरवायचे. नव्या माणसाला वाटायचं, हा आपल्याकडे लक्ष देत नाही. खरं तर ते आपला कान पुढे करत असत.

असा माणूस दहा-बारा वर्षं त्या खुर्चीवर होता. मग ऑफिसात नवा टेलिफोन बोर्ड आला. फोन करणाऱ्यानं नंबर दाबायचा आणि थेट हव्या त्या टेबलावर जायचं. मधे माणूसच नको. जुना बोर्ड काढून नेला त्या दिवशी भिंतीवर एक फिकट चौकोन राहिला. सोपानभाऊंनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “बरंच मोठं व्हतं की हे.”

आमचे सचिव वाईट नव्हते. भित्रे होते. संचालक मंडळाला काय वाटेल, ह्यापलीकडे त्यांचं डोकं चालत नसे. त्यांनी सोपानभाऊंना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, “तुम्ही कॉम्प्युटर शिकून घ्या. शेतकऱ्यांच्या तक्रारी टाईप करायचं टेबल तुम्हाला देऊ. पण मंडळाला एकदा करून दाखवावं लागेल.”

पुण्याला अंधांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग चालायचा. सोपानभाऊंनी महिनाभर रजा टाकली आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी होस्टेलवर जाऊन राहिले.

ते गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझ्या टपालात एक पाकीट आलं. आत इंग्रजीत टाईप केलेल्या तीन ओळी. इथलं जेवण बरं आहे, डास फार आहेत, आणि हे पत्र मी स्वतः लिहिलं आहे. खाली त्यांचं नाव, त्यातही स्पेलिंगची एक चूक. आवक रजिस्टरला मी त्याची नोंद केली. तशी ती करायची गरज नव्हती, तरी केली.

परत आल्यावर त्या पत्राबद्दल ते म्हणाले, “ताई, आजपातुर मी जे जे पत्र धाडलं ते आधी कुणाला तरी सांगून लिहून घेतलं. बायकोला धाडलेलं बी. लगीन ठरलं तवा तिला चार ओळी लिहाव्या वाटल्या, तर त्या मास्तरानं लिहिल्या. मास्तरासमोर काय सांगणार? तब्येतीला जपा, एवढंच सांगितलं. हे तुमचं पयलं पत्र, जे तुमच्याआधी कुणी वाचलं न्हाई.”



पुण्याहून त्यांनी एक डिस्क आणली होती. शर्टाच्या खिशात, रुमालात गुंडाळलेली, पेनाच्या शेजारी. वर्ग चालवणाऱ्यांनी त्यांना कॉपी करून दिलेली. त्या डिस्कवरचा प्रोग्राम कॉम्प्युटरात भरला की कॉम्प्युटर बोलायला लागतो. जे अक्षर दाबाल ते म्हणतो, पडद्यावर काय आहे ते वाचून दाखवतो. सोपानभाऊ त्या आवाजाला ‘ती’ म्हणायचे. “ती लई भरभर बोलती. पयले चार दिवस मला वाटलं, भांडायलीय. मग कान बसला.”

पुढच्याच सोमवारी आम्ही डिस्क घालायला बसलो. आमच्या वाट्याला आलेला कॉम्प्युटर दोन-अडीच वर्षांचा होता. ड्राइव्हचं बटण दाबलं, ट्रे बाहेर आला. सोपानभाऊंनी डिस्क दोन बोटांनी कडेला धरून अलगद ठेवली. ट्रे आत गेला. आतून घरघर सुरू झाली.

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं आणि डोकं कॉम्प्युटरच्या डब्याला टेकवलं.

“फिरायला लागली. आता शोधती. टक... टक... परत वेग घेतला. टक... आता दमली.” घरघर थांबली. “काय म्हणतोय?”

मी पडद्यावरचं वाचलं. “ड्राइव्हमध्ये डिस्क घाला, म्हणतोय.”

“अवो, आत हाय की!”

आम्ही परत घातली. परत तेच. त्या दिवशी किती वेळा घातली ते मोजलं नाही. बनियनच्या मऊ कापडानं पुसली, तीही त्यांना शिकवलं होतं तशी मधून कडेकडे, गोल गोल नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. उलट-सुलट तर झाली नाही ना, म्हणून मी तीनदा पाहिलं. दर वेळी ते डब्याला कान लावून मला आतली बातमी सांगायचे आणि मी त्यांना पडद्यावरची. दोघांचं मिळून एकच निघायचं, की डिस्क नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरून आरत्यांची गाण्याची डिस्क आणली. ती घातल्याबरोबर वाजायला लागली. अख्खं ऑफिस हात जोडल्यासारखं थबकलं.

मी म्हटलं, “म्हणजे ड्राइव्ह चांगला आहे. तुमची डिस्कच गेली असेल.”

सोपानभाऊंनी पुन्हा डब्याला कान लावला. मग म्हणाले, “न्हाई. ही गाण्याची सुदिक त्यानं झटक्यात घेतली न्हाई, दोनदा चाचपली. डिस्क बरी हाय. ड्राइव्हच बिघडलाय.”

त्यांनी पुण्याला वर्गाच्या सरांना फोन लावला. सरांनीही तेच सांगितलं. कंपनीत छापलेली डिस्क वाचायला सोपी असते, कॉम्प्युटरवर लिहिलेली अवघड. ड्राइव्हच्या भिंगावर धूळ बसली किंवा ते कमजोर झालं, की आधी ही लिहिलेली डिस्क दिसेनाशी होते. खाली खताचं गोडाऊन. आमच्या टेबलांवर रोज सकाळी पांढरी भुकटी बसलेली असायची. ती ड्राइव्हमध्ये जाणार नाही तर कुठे जाणार?

पण हे पटणार कुणाला? सचिवांनी जुन्नरहून सतीशला बोलावलं. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा हा मनुष्य मोटारसायकलवर बॅग अडकवून दोन तालुके हिंडायचा. त्यानं भिंग पुसायची, बारीक ब्रश लावलेली एक डिस्क फिरवली, मग सोपानभाऊंची घातली. घरघर, टक टक, शांत. त्यानं आरत्यांची घातली. वाजली.

“साहेब, ड्राइव्ह ओके आहे,” तो सचिवांना म्हणाला. “डिस्क खराब.”

“डिस्क खराब न्हाई,” सोपानभाऊ म्हणाले. “भिंग कमजोर झालंय.”

“भाऊ, तुम्हाला काय दिसतंय त्यातलं?” सतीश सहज बोलून गेला आणि जीभ चावून उभा राहिला. मग सावरायला म्हणून आणखी बोलला, “बरं, धरून चालू, ह्याचा डोळा गेलाय—”

सोपानभाऊच हसले. “मग त्याला बी कोट्यातनं घ्या म्हणावं साहेबांना.”

सतीशनं मुकाट्यानं त्यांचे पाय धरले. “पाय सोड,” ते म्हणाले, “ड्राइव्ह बदल.” पण ते त्याच्या हातात नव्हतं. डब्यावर वॉरंटीचं सील होतं, ते तोडायला सचिवांची लेखी परवानगी हवी. सचिव म्हणाले, मेकॅनिक डिस्क खराब म्हणतोय, मग मी डबा उघडायला कसं लिहून देऊ? हिशोबाच्या दुसऱ्या कॉम्प्युटरला तर डिस्कचा ड्राइव्हच नव्हता, नुसती फ्लॉपीची खाच.

एका शनिवारी अर्धी रजा टाकून मी सोपानभाऊंबरोबर एसटीनं जुन्नरला गेले. बाजारातल्या गल्लीत एक कॉम्प्युटरचा क्लास होता. तिथल्या बाईंनी डिस्क घालू दिली. घरघर झाली आणि थोड्याच वेळात प्रोग्राम भरला जायला लागला. दहा मिनिटांनी कॉम्प्युटर बोलला. कोरडा, घाईघाईचा इंग्रजी आवाज. सोपानभाऊंनी खुर्ची ओढली, बोटं चाचपत ठेवली आणि टाईप करायला लागले. ते टाईप करायचे आणि ती बोलायची. त्यांची बोटं किती सराईत चालतात, ते मी पहिल्यांदाच पाहिलं. क्लासातल्या मुली कामं सोडून बघत उभ्या राहिल्या.

“काय लिहिलंत?” मी विचारलं.

“काय न्हाई. नाव, गाव.” आणि त्यांनी ते पुसून टाकलं.

बाईंना त्यांच्या कॉम्प्युटरमधून तो प्रोग्राम काढून टाकावा लागला. तो निघेपर्यंत ती आपली बोलत होती. मग बंद झाली.

येताना बसमध्ये सोपानभाऊ खुशीत होते. “आता तुमी डोळ्यांनी बगितलंय. तुमी सांगा साहेबांना. माजं ऐकायचे न्हाईत, तुमचं ऐकतील.”

मी सोमवारी सांगितलं. लेखी टिपण दिलं. डिस्क चांगली आहे, मी जुन्नरला चालताना पाहिली आहे, नवा ड्राइव्ह घ्यावा. सचिवांनी टिपणाच्या कडेला लाल शाईनं लिहिलं, ‘मा. मंडळापुढे ठेवावे.’

मंडळाची बैठक महिनाअखेरीला. विषयपत्रिका मीच टाईप केली. विषय क्रमांक चार, श्री. सोपान यांच्या कॉम्प्युटर कामाची पाहणी. विषय क्रमांक अकरा, कॉम्प्युटरच्या ड्राइव्ह खरेदीस मंजुरी.

मी सचिवांना म्हटलं, “साहेब, अकरा आधी घ्या ना. ड्राइव्ह नसताना ते दाखवणार काय?”

“क्रम अध्यक्षांनी बघितलाय,” ते म्हणाले. “आता बदलता येणार नाही.”

मी आणखी भांडायला हवं होतं. किंवा सतीशला गुपचूप बोलावून सील तोडायला लावायला हवं होतं. काय झालं असतं? फार तर मेमो मिळाला असता. पण मी नोकरीत नवी नसले तरी अजून कायम झाले नव्हते, घरी मला माझी कारणं होती. मी विषयपत्रिकेच्या प्रती काढल्या आणि वाटल्या.

बैठकीच्या दिवशी सोपानभाऊ नेहमीपेक्षा लवकर आले. सकाळपासून डिस्क घालून काढून बघत होते. एकदा, सातव्या की आठव्या खेपेला, ड्राइव्हनं ती ओळखली. पडद्यावर डिस्कचं नाव आलं, मी ओरडलेच. मग ते नाव गेलं.

“म्हंजी घेऊ शकतो,” ते म्हणाले. “देवाच्या मनात असलं तर घेईल.”

साडेबाराला सात-आठ संचालक आमच्या टेबलाभोवती उभे राहिले. सोपानभाऊंनी डिस्क ठेवली. ट्रे आत गेला. घरघर सुरू झाली. टक. टक. थांबली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वाचलं, “डिस्क घाला, म्हणतोय.”

“आत हाय,” सोपानभाऊ संचालकांना म्हणाले. “जरा थांबा साहेब. कवा कवा तिसऱ्या-चवथ्या खेपेला घेतो.”

त्यांनी तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या खेपेलाही घातली. त्यांच्या मानेवर घाम आला होता. ते समजावून सांगत होते, भिंगाचं, धुळीचं, छापलेल्या आणि लिहिलेल्या डिस्कचं. सगळं बरोबर सांगत होते. ऐकणारे मान डोलावत होते, पण त्यांच्या चेहऱ्यांवर नुसती दया होती. ती सोपानभाऊंना दिसत नव्हती. मला दिसत होती.

शेवटी अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “ऱ्हाऊ द्या सोपानराव. कशाला तरास घेता? तुमाला आमी काय कमी पडू देणार न्हाई.”

ते जेवायला गेले. सोपानभाऊ डब्यावर हात ठेवून बसून राहिले.

“गेले का?”

“गेले.”

“मग काढा आता.”

विषय अकरा त्या बैठकीत आलाच नाही. पाहणीत काम जमत नाही असं दिसल्यामुळे खरेदीची आवश्यकता उरली नाही, असं इतिवृत्तात आलं. तेही मीच टाईप केलं.

त्यांना खरंच काही कमी पडू दिलं नाही. पगार चालू, खुर्ची चालू. फक्त काम नाही. सकाळी दहाला इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि रिकाम्या टेबलावर दोन्ही हात ठेवून बसायचे. शेजारच्या टेबलावर फोन वाजला की त्यांचा हात उचलला जायचा आणि परत खाली यायचा. असे पाच महिने गेले. मग एका दुपारी ते म्हणाले, “ताई, एक कागद घ्या. अर्ज लिहायचाय.”

मला वाटलं रजेचा असेल. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ ह्या शब्दांशी आल्यावर माझा हात थांबला.

“थांबल्या का?” ते म्हणाले.

“तुमची प्रकृती चांगली आहे की.”

“खरं कारण लिहायचं तर ते तुमच्या हातनं कशाला लिवायचं? लिवा, प्रकृतीच्या कारणास्तव.”

मी लिहिलं. सहीच्या जागेवर त्यांचं बोट नेऊन ठेवलं. खिशातलं पेन काढून त्यांनी सही केली. सोपान एवढीच तीन अक्षरं, हळूहळू चढत गेलेली.

पुढे दीड-दोन वर्षांनी ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले. जुन्या टेबलांची आवराआवर करताना एका खणात रुमालात गुंडाळलेली ती डिस्क मला सापडली. न्यायलाच विसरले असतील, किंवा विसरले नसतील. मी दार लोटलं आणि नव्या कॉम्प्युटरला घातली. पहिल्या झटक्याला वाचली. थोड्या वेळानं ती बोलायला लागली. मी घाबरून आवाजच बंद केला.

त्याच रविवारी मी डिस्क घेऊन महाळुंग्याला गेले. वहिनींनी अंगणात चटई टाकली. सोपानभाऊ शेंगा फोडत बसले होते. थोडे वाळले होते, दाढी वाढलेली, पण शर्ट इस्त्रीचाच. माझी चप्पल वाजल्याबरोबर म्हणाले, “मंगलताई. टाच झिजलीय एका पायाची.”

मी त्यांना सांगितलं. नव्या कॉम्प्युटरवर डिस्क लगेच चालली. तुम्ही म्हणत होता तेच खरं होतं. सचिवांनाही दाखवलं. ते म्हणाले, अरेरे.

“अरेरे म्हणले का?” सोपानभाऊंनी शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. “बोलली का ती?”

“बोलली.”

“पयलं काय बोलली?”

मला आठवेना. इंग्रजीत भरभर काहीतरी. मी तसं सांगितलं. त्यांनी ते इंग्रजी वाक्य तिच्याच चालीत, तितक्याच भरभर म्हणून दाखवलं. वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. “हे असं मधेच चालू करत्यात,” त्या म्हणाल्या. “म्या म्हणते, कुणाशी बोलताय?”

मी डिस्क त्यांच्या हातात दिली. त्यांनी कडेनं बोट फिरवलं, मधल्या भोकात बोट घालून जरा फिरवली आणि वहिनींकडे दिली. “वर ठिवून दे. प्वारं घेतील खेळायला.” त्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. गावातही तेव्हा कुणाकडे असेलसं वाटत नाही. मी कशासाठी आले होते, ते मलाच कळेना. दोन वर्षांनी येऊन ह्या माणसाला तू बरोबर होतास हे सांगून मी त्याला काय दिलं?

वहिनी भाकरी टाकते म्हणत होत्या, पण मला कळंबला पुढची गाडी गाठायची होती. सोपानभाऊ काठी घेऊन मला फाट्यापर्यंत पोचवायला आले. वाटेत कांद्याच्या भावाबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले. ऑफिसातल्या कुणाचं नाव त्यांनी काढलं नाही.

गाडी आली. गर्दी होती, पण मला खिडकीची जागा मिळाली. ते खाली उभे होते, गाडीच्या इंजिनाचा धडधडाट चाललेला. मी खिडकीतून हाक मारली, “येते, सोपानभाऊ!” माझा आवाज त्यांना कुठून आला कोण जाणे. ते दोन पावलं सरकले आणि माझ्या मागच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. तोंड दुसरीकडे, कान वर. त्या खिडकीतल्या अनोळखी बाईशी ते काहीतरी बोलायला लागले. मी पुन्हा हाक मारली, “इकडे! इकडे आहे मी!” पण तेवढ्यात कंडक्टरनं घंटी दिली. ती बाई वाकून “हो, हो” म्हणत होती. ते समाधानानं हसले, हात वर केला, आणि गाडी पुढे निघाल्यावरही तसाच वर धरून उभे राहिले.

त्यांची-माझी ती शेवटची भेट.

वळण गेल्यावर मी मागे वळून त्या बाईला विचारलं, “काय म्हणत होते ते?”

“तुमचे पावणं व्हय?” ती म्हणाली. “म्हणत व्हते, आज अशाच गेल्या, पुढच्या येळी जेवायच्या बेतानं या. मी हो म्हणलं बाई. आता त्यांना काय सांगायचं?”